एक वेढा जास्त

एकदा एका नदीकाठच्या गावाला आपली नावं दगडात कोरून घ्यावीशी वाटली. त्याआधी तीनशे वर्षं ते गाव तिथंच नांदत होतं, आणि अशी इच्छा त्याला कधी झाली नव्हती.

त्या नदीवर एक जुना दगडी बंधारा होता. बंधाऱ्यातून पाट निघे आणि पाटाच्या पाण्यावर गावातली नव्वद घरं शेती करीत. कोणाच्या शेतात केव्हा आणि किती पाणी जायचं, हे एकच माणूस ठरवी. त्याला पाटकरी म्हणत. त्याच्या हाती एक फावडं असे आणि त्याच्या शब्दावर दुसरा शब्द नसे. मात्र एक कडक नियम त्यालाही होता. नव्वदांतलं एक जरी घर सभेत उभं राहून म्हणालं, 'याच्या हातचं पाणी आम्हाला नको,' तर पाटकऱ्यानं फावडं खाली ठेवायचं आणि चालू लागायचं. कारण विचारायचं नाही, रागवायचं नाही. पाणी वाटणाऱ्यावर नव्वद घरांचा विश्वास लागतो. एकोणनव्वदांचा पुरत नाही.

गावचे पाटकरी आता म्हातारे झाले होते. लहानथोर त्यांना नाना म्हणत. नानांना अक्षरओळख जेमतेम होती; पण वाहत्या पाटात पाय ठेवून ते कोणत्या शेतात किती ओल पोहोचली हे सांगत, आणि ते चुकत नसे. बोलत कमी. एखादी गोष्ट करा म्हणून सांगत. का करा, ते सांगत नसत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य बारा वर्षं काम शिकला होता. दिवाळीनंतरच्या सभेत फावडं त्याच्या हाती जायचं, हे जवळजवळ ठरलं होतं.

हा शिष्य चार वर्षांचा असताना त्याचे वडील महापुरात गेले. बंधाऱ्याला भगदाड पडलं होतं. ते बुजवायला चौदा माणसं पाण्यात उतरली. भगदाड बुजलं, गाव वाचलं, तेरा माणसं परत आली. एवढंच त्याला ठाऊक होतं. आईला विचारलं की ती म्हणे, "पाण्यानं नेलं," आणि चुलीकडे तोंड फिरवी.

त्या वर्षी गावातला कापसाचा व्यापारी दूरदेशी जाऊन आला. तिथं त्यानं एका पडक्या देवळात कोणा राजाचा शिलालेख पाहिला. देऊळ मोडलं होतं, राज्य मोडलं होतं, आणि राजाचं नाव मात्र जसंच्या तसं होतं. व्यापाऱ्याच्या मनाला ते फार लागलं. परत येताना त्यानं चार बैलांच्या गाडीवर एक काळीभोर, गुळगुळीत शिळा आणली आणि सभेत उभा राहिला.

"पाचशे वर्षांनी इथं कोणी आला, तर आजच्या माणसांतलं कोण त्याला ठाऊक असेल?" त्यानं विचारलं. "कोणी नाही. आपण सगळे मातीत जाऊ आणि माती काही बोलणार नाही. म्हणून म्हणतो, या शिळेवर सात नावं कोरू आणि शिळा बंधाऱ्यात बसवू. बंधारा आहे तोवर नावं राहतील."

"सातच का, शेठ?" मागून कोणीतरी विचारलं.

"अक्षरं मोठी हवीत. लांबून दिसली पाहिजेत."

सकाळी सुरू झालेली सभा उन्हं उतरेपर्यंत चालली. एकही नाव ठरलं नाही. चार घरं मात्र एकमेकांशी बोलेनाशी झाली. शेवटी पाटील म्हणाले, "हा वाद पाटकऱ्यानं मिटवावा. जो पाणी सारखं वाटतो, तो मानही सारखा वाटेल."

नाना उठले. शिष्याकडे बोट दाखवून म्हणाले, "माझं झालं आता. हा सांगेल. दिवाळीनंतरच्या सभेत, बंधाऱ्यावर." आणि काठी टेकत निघून गेले.

शिष्याच्या तोंडचं पाणी पळालं. सात नावं सांगायची म्हणजे त्र्याऐंशी घरांना नाही म्हणायचं. त्या त्र्याऐंशींतलं एक जरी उठून उभं राहिलं, तरी बारा वर्षांची मेहनत संपली. सभेला पंधरा दिवस होते.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ओसरीवर माणसं येऊ लागली. पहिले आले ते वैद्य. त्यांनी पाणी घेतलं, पान खाल्लं, आणि उठताना म्हणाले, "माझं नाव घाल असं मी म्हणणार नाही. फक्त एवढं ध्यानात ठेव, या गावातल्या निम्म्या माणसांची नाडी माझ्या हाताखालून गेली आहे. तुझीही."

मग पहिलवान आला. त्याच्या बसण्यानं ओसरीवरची बाज करकरली. "सहा गावच्या जत्रांत कुस्ती मारली," तो म्हणाला. "माझं नाव नाही राहणार तर कोणाचं?"

"खरं आहे, दादा," शिष्य म्हणाला. "तुमच्या आधी गावचा पहिलवान कोण होता?"

पहिलवान बराच वेळ आठवत राहिला. "होता कोणीतरी," तो म्हणाला. "पायानं जरा ढिला होता."

धोंडाबाई नावाची एक बाई टोपलीभर वांगी घेऊन आली. "भाऊ, माझ्या सासूचं नाव घाल," ती म्हणाली.

"तुमचं दोघींचं एवढं पटत होतं?"

"अजिबात नाही. पण तिला मी एकटीनंच का लक्षात ठेवायचं? गावानंही ठेवावं थोडं."

आठव्या दिवशी यादीत एक्केचाळीस नावं झाली. प्रत्येक नावाला कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं. शिष्याचं जेवणावरचं मन उडालं. तो नानांना शोधत पाटाच्या काठी गेला. हंगामाचं पाणी सोडण्याआधी पाट कोरडा करून गाळ काढायचे ते दिवस होते. नाना गुडघाभर गाळात उभे होते.

"नाना, मला यातून सोडवा," शिष्य म्हणाला.

नानांनी मान वर केली नाही. "आपण कुठं उभे आहोत?"

"भिकाच्या मोरीपाशी."

"भिका कोण?"

मोरी म्हणजे पाटाच्या काठातून शेताकडे पाणी वळवायला ठेवलेली दगडी वाट. या मोरीला तो कळत्या वयापासून भिकाची मोरी म्हणत होता. भिका कोण, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. "कोणी मोठा माणूस असेल," तो म्हणाला. "ज्यानं मोरी बांधली तो."

"चोर होता. सगळ्यांची पाठ वळली की इथं पाट फोडायचा आणि पाणी पळवायचा. बुजवलं की फोडायचा, बुजवलं की फोडायचा. शेवटी लोक कंटाळले आणि याच जागी त्यांनी दगडी मोरी बांधून टाकली. बांधणारा कोण, कोणाला माहीत नाही. चोराचं नाव राहिलं."

"हा तर अन्याय झाला, नाना."

"अन्याय कसला? लोकांना जागा ओळखायला खूण हवी होती. नाव लोक आपल्या सोयीनं ठेवतात. ते कोणाची लायकी बघत नाहीत." नानांनी फावडंभर गाळ काठावर टाकला. "श्राद्धाला किती पिढ्यांची नावं घेतोस?"

"तीन. वडील, आजोबा, पणजोबा."

"त्याच्या पलीकडचा?"

"त्याचं नाव नाही घेत."

"का? वाईट होता तो?"

"नाही. तो मोकळा झाला, असं म्हणतात."

"मग," नाना म्हणाले, आणि पुन्हा गाळ उपसू लागले. यातून काय समजायचं ते शिष्याला समजलं नाही. गुरूनं हात झटकले असंच त्याला वाटलं, आणि थोडा रागही आला.

घरी आला तेव्हा आई सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत बसली होती.

"किती झाली नावं?" तिनं विचारलं.

"एक्केचाळीस."

"त्यात ते आहेत?"

ते म्हणजे कोण, हे त्याला विचारावं लागलं नाही. तो म्हणाला, "माझ्याच वडिलांचं नाव मी घातलं तर सभा काय म्हणेल? एक घर उठलं तरी फावडं गेलं, आई."

"गेलं तर जाऊ दे. मजुरी करू." तिनं एक खडा उचलून अंगणात फेकला. "चोवीस वर्षं मी कोणाकडे काही मागितलं नाही. हे मागते. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून मी घेत नाही. तू तेव्हा चार वर्षांचा, तुला त्यांचा चेहरासुद्धा आठवत नाही. मग त्यांचं नाव घेणार कोण? दगडानं तरी घ्यावं."

शिष्य आत गेला आणि यादीत बेचाळिसावं नाव लिहिलं. मग त्यानं त्या यादीतून सहा नावं निवडली. सातवं वडिलांचं. मनाशी ठरवलं, सभेत ही सात नावं सांगायची, आणि कोणी उठण्याची वाट न पाहता फावडं आपणच नाकारायचं. पाणी वाटणाऱ्यानं आपल्या घराकडे पाणी वळवलं, असं लोक म्हणणारच होते. ते खोटंही नव्हतं.

सभेच्या दिवशी सारं गाव बंधाऱ्यावर लोटलं. शिळा काठावर आणून ठेवली होती. पाथरवट छिन्नीला धार लावून तिच्याशेजारी उकिडवा बसला होता. बायका उतारावर बसल्या होत्या, त्यांत शिष्याची आईही होती. व्यापाऱ्यानं नवं उपरणं घेतलं होतं.

"आधी जागा साफ करा," नाना म्हणाले. "नावं नंतर."

शिळा जिथं बसवायची तिथले तीन दगड गेल्या पावसाळ्यात ढिले झाले होते. ते काढायला शिष्य आणि चौघे जण पाण्यात उतरणार होते. तिथं पाणी छातीभर होतं आणि ओढ जबर. रिवाजाप्रमाणं त्यांनी दोर आणला. एक टोक काठावरच्या बाभळीला बांधलं. मग एकेकानं कमरेला दोराचा वेढा घेतला. पाच माणसांचे पाच वेढे झाले, आणि शेवटच्या माणसाच्या पुढं सहावा वेढा रिकामाच बांधला. तो प्रवाहावर तरंगत राहिला. त्या गावात दोराला माणसांपेक्षा एक वेढा नेहमी जास्त असे. दहा माणसं उतरली तर अकरा. त्याकडे कोणी बघतही नसे, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

दगड निघाले, जागा साफ झाली. पाचही जण निथळत वर आले. शिष्यानं अंग पुसलं, काठावर ठेवलेल्या पागोट्यातून यादी काढली आणि नानांसमोर उभा राहिला.

"थांब," नाना म्हणाले. "आधी एक काम कर." त्यांनी शेजारी पडलेला कोयता उचलून त्याच्या हाती दिला. "दोराचा तो शेवटचा वेढा काप."

"कोणता, नाना?"

"रिकामा. त्यात माणूस नसतो. दोर फुकट भिजतो. काप आणि टाक."

शिष्य हातात कोयता घेऊन नुसता उभा राहिला. बारा वर्षांत नानांची एकही आज्ञा त्यानं मोडली नव्हती. पण हात उचलेना. कामातली एवढीशी ढिलाई ज्यांना खपत नसे, तेच नाना चालत आलेली रीत तोडायला सांगत होते.

"नाना, असं काय करता?" पहिलवान पुढं झाला.

"अहो, देवीचा वेढा आहे तो," धोंडाबाई उतारावरून म्हणाली. "नदीला तिचा वाटा नको?"

"जलदेवतेचं स्थान असतं ते," वैद्य म्हणाले. "त्याला शास्त्राधार असणार."

"वाचलाय तुम्ही?" नानांनी विचारलं.

"वाचला नाही. पण असणार."

पाटलांनी घसा साफ केला. "माझ्या आजोबांच्या वेळेपासून मी हा वेढा पाहतो आहे."

"पाटील, तुमच्या आजोबांच्या वेळी दोरच नव्हता," नाना म्हणाले. "माणसं हाताला हात धरून उतरायची."

"मग वडिलांच्या वेळी असेल," पाटील म्हणाले, आणि लोक हसले.

व्यापारी म्हणाला, "नाना, मी माल घेऊन खाली संगमापर्यंत जातो. वाटेतल्या झाडून सगळ्या गावांत हा वेढा ठेवतात. आपणच तो कापला तर लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात बायकांमधून एक नवी सून उठून उभी राहिली. याच वैशाखात लग्न होऊन ती वरच्या अंगाच्या, आठ कोसांवरच्या गावाहून आली होती. सासूनं तिचा पदर ओढला, पण ती बसली नाही.

"माझ्या माहेरीही ठेवतात," ती म्हणाली. "म्हातारी माणसं सांगतात, नदीत पहिला माणूस उतरला त्या दिवसापासूनची रीत आहे. माझा भाऊ काठावरून घसरला होता. दोरात नव्हता तो, नुसता बघत उभा होता. वाहत चालला आणि तो रिकामा वेढा त्याच्या हाती लागला. तेवढ्यानं वाचला. तो वेढा कापू नका, नाना."

"तुझ्या माहेरच्यांनी ही रीत कोणाकडून घेतली, मुली?"

"कोणाकडून म्हणजे? आमचीच आहे ती."

नानांनी हात पुढं केला. "दे तो कोयता इकडे." शिष्यानं तो दिला. नानांनी तो लांब ठेवला आणि शिळेच्या कडेवर बसले.

"ही रीत चोवीस वर्षांची आहे," ते म्हणाले. "तोवर हात सुटला की माणूस गेला, असंच होतं. महापुराच्या दिवशी याचा बाप मोटेचा दोर घेऊन धावत आला. म्हणाला, आज हातांचा भरवसा नको. एकेकाच्या कमरेला त्यानं स्वतः वेढा घातला. तेरा वेढे झाले आणि दोर संपला. घाईत त्यानं मोजला नव्हता. तेरावा मी. दोराचं टोक माझ्या कमरेला होतं. मी म्हणालो, थांब, दुसरा दोर आणू. तो म्हणाला, बंधारा थांबणार नाही. माझं धोतर धरून तो माझ्या मागं उतरला. शेवटचा दगड मोठा होता. तो लावायला त्याला दोन्ही हात लागले."

पाथरवटाची छिन्नी हातातच राहिली.

"आम्ही तेरा जण वर आलो. गावाला काय सांगणार होतो? आम्हाला दोर पुरला, हे? आम्ही गप्प बसलो. त्याच वर्षी पाटकरी झालो तेव्हा मी एवढंच म्हणालो, दोर मोजा, आणि माणसांपेक्षा एक वेढा जास्त ठेवा. लोकांनी विचारलं, का? मी म्हणालो, ठेवा. त्यांना कारण हवं होतं, त्यांनी देवी आणली. मग मजुरांनी ती रीत वरच्या गावांना नेली, इथल्या लेकींनी खालच्या." नाना व्यापाऱ्याकडे वळले. "शेठ, तुम्ही विचारलंत, पाचशे वर्षांनी आजचं कोण लक्षात राहील. नावानं कोणी नाही. बघा, चोवीस वर्षांतच ते गेलं. इथं दोनशे माणसं आहेत. ज्यांना त्याचं नाव आठवतं, त्यांनाही हा वेढा त्याचा आहे हे ठाऊक नाही. पण आत्ता मी तो काप म्हणालो, तर सगळे आडवे आलात. जिला चारचौघांत बोलायची चोरी, ती पोर उभी राहिली. लक्षात ठेवलेलं माणूस विसरतो. हाताला लागलेलं विसरत नाही. कोण उरेल म्हणून विचारता, तर असा माणूस उरेल. आणि तो उरला आहे हे कोणाला कळणारही नाही."

नाना एका दमात एवढं बोलल्याचं गावानं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

शिष्यानं विचारलं, "हे मला आधी का नाही सांगितलंत, नाना?"

"सांगितलं असतं तर तू पाणी वाटायला शिकला नसतास. बापाचं नाव वाटत फिरला असतास." नानांनी काठीच्या टोकानं जमिनीवर एक रेघ ओढली. "आणि मला लाज वाटत होती."

शिष्याला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. ते आलं नाही. पंधरा दिवस, कदाचित चोवीस वर्षं, छातीवर काहीतरी ठेवलेलं होतं. ते कोणीतरी उचलून बाजूला केल्यासारखं झालं. त्यानं हातातल्या यादीकडे पाहिलं. एवढा कागद आपल्याला इतका जड का झाला होता, हे त्याला आठवेना. त्यानं तो पाथरवटाला दिला. "तंबाखूची पुडी बांध," तो म्हणाला. पाथरवटानं खरोखरच बांधली.

मग शिष्य सभेकडे वळला. नानांचं फावडं त्यानं सर्वांच्या मधोमध जमिनीवर ठेवलं.

"माझ्याजवळ सांगायला नावं नाहीत," तो म्हणाला. "ज्यांचं काम राहायचं त्यांचं राहील, ते मी निवडू शकत नाही. शिळा कोरीच बसवावी असं माझं मत आहे. ज्या घराला हे पटत नसेल, त्यानं आत्ता बोलावं. हे फावडं इथं आहे."

व्यापारी उभा राहिला. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"ती शिळा मी चार बैल जुंपून आणली," तो म्हणाला.

"हो, शेठ."

"दोन नद्या ओलांडून. कोरी बसवायला?"

"हो, शेठ."

व्यापाऱ्यानं शिळेकडे पाहिलं. मग काठावर वाळत पडलेल्या दोराकडे पाहिलं. मग त्या नव्या सुनेकडे. उपरण्याचं टोक त्यानं दोनदा बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "माझा धाकटा मुलगाही नदीवर पोहायला जातो," तो अखेर म्हणाला, आणि खाली बसला.

दुसरं कोणी उठलं नाही. पाटलांनी तीनदा विचारलं, तीनदा नव्वद घरं गप्प राहिली. खरं सांगायचं तर सगळ्यांचीच सुटका झाली होती. आपलं नाव दगडावर जाणार नाही याचं प्रत्येकाला थोडं वाईट वाटलं. शेजाऱ्याचंही जाणार नाही, याचं समाधान त्याहून थोडं जास्त होतं. जी चार घरं बोलेनाशी झाली होती, त्यांतली दोन तर तिथल्या तिथं भांडू लागली, म्हणजे बोलू लागली. पाटलांनी फावडं उचलून शिष्याच्या हाती दिलं. नानांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते दोर नीट गुंडाळला आहे की नाही ते पाहत होते.

शिळा बसवताना व्यापाऱ्यानं विचारलं, "हिची दर्शनी बाजू कुठली?"

"शेठ," पाथरवट म्हणाला, "कोरी आहे तोवर सगळ्या बाजू सारख्याच. जी नीट बसेल ती."

ती नीट बसली. वरून पाणी गेलं तेव्हा ती कुठली आणि जुने दगड कुठले, हे ओळखू येईना.

माणसं पांगू लागली. शिष्याची आई उतारावरून उठली आणि त्या नव्या सुनेजवळ गेली.

"तुझा भाऊ केवढा आहे गं?"

"वीस वर्षांचा, मावशी. माघात लग्न आहे त्याचं."

"मला बोलाव," आई म्हणाली. "मी येईन."

घरी जाताना मायलेक पाटाच्या काठानं चालले होते. आई पुढं, तो मागं, खांद्यावर फावडं घेऊन. आपण तिचं एकुलतं मागणं पुरं केलं नाही, हे त्याला टोचत होतं. शेवटी तीच बोलली.

"इतकी वर्षं मला वाटायचं, उतरताना त्यांनी घराचा विचार केला नाही," ती म्हणाली. "तसं नव्हतं. दोर मोजायचा राहिला, एवढंच."

"हो, आई."

ती थोडं पुढं गेली. "आणि बरंच झालं म्हणते मी. दगडावर असतं तर दर पावसाळ्यानंतर शेवाळ घासायला मलाच जावं लागलं असतं. माझे गुडघे आता कुठं चालतात?"

शिष्य हसला. पंधरा दिवसांत तो पहिल्यांदाच हसला. घर येईपर्यंत त्याला सपाटून भूक लागली होती.

आपलं नाव पुढं कोण घेईल या काळजीनं ज्याला चैन पडत नाही, त्यानं आपल्यामागं लोकांच्या हाताला कोणती चांगली सवय राहील तेवढं पाहावं, आणि निवांत असावं.